भागाकार टाळणाऱ्यांची गोष्ट

शाळेत असल्यापासून माझं भागाकाराशी वाकडं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसे सरळ स्वभावाचे असतात. पाढे पाठ असले की हात आपोआप चालतो. भागाकारात मात्र अंदाज बांधावा लागतो. सात वेळा जाईल का? नाही, जास्त होतंय. मग सहा वेळा... असं खोडत खोडत पुढे सरकायचं. आमच्या सातवीच्या गणिताच्या सरांना वर्गाची ही अडचण चांगली ठाऊक होती. फळ्यावर अपूर्णांकांची लांबलचक पदावली लिहून झाली की ते बजावायचे, "मध्येच भागत बसू नका रे. अंश अंशाच्या जागी, छेद छेदाच्या जागी. भागाकार शेवटी, एकदाच!"

पुढे याच वाक्यावर आपलं पोट चालणार आहे असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. २००५ च्या आसपास पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी इलिप्टिक कर्व्ह कूटलेखनाचे प्रोसेसर बनवायचो. म्हणजे फक्त हे एकच गणित करणारं सर्किट, दुसरं काही नाही. नातेवाइकांनी विचारलं की "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून मी विषय संपवत असे. आज जरा सविस्तर सांगावं म्हणतो. एक तर या विषयाचा इतिहास मला फार आवडतो, आणि दुसरं म्हणजे त्यात माझी स्वतःची एक फजिती आहे, ती मी अजून कुठे लिहिलेली नाही.

आधी थोडं गणित. घाबरू नका, शाळेच्या फार पलीकडे जाणार नाही.

इलिप्टिक कर्व्ह म्हणजे लंबवर्तुळ नव्हे. लंबवर्तुळाच्या कडेची लांबी मोजायला निघालेल्या जुन्या गणितींना जी अवघड पदं भेटली त्यांच्याशी या वक्राचं दूरचं नातं आहे, म्हणून हे नाव चिकटलं. समीकरण साधं आहे : डावीकडे 'य' चा वर्ग, उजवीकडे 'क्ष' चा घन आणि जोडीला एक-दोन किरकोळ पदं. या वक्रावर दोन बिंदू घ्या, त्यांतून रेघ ओढा. ती वक्राला तिसऱ्या एका बिंदूत छेदते. त्या बिंदूचं आडव्या अक्षापलीकडचं प्रतिबिंब म्हणजे त्या दोन बिंदूंची 'बेरीज'. बिंदू स्वतःतच मिळवायचा असेल तर दोन बिंदूंच्या रेघेऐवजी स्पर्शिका काढायची.

आता एक ठरलेला बिंदू घ्यायचा आणि तो स्वतःतच पुन्हा पुन्हा मिळवायचा. किती वेळा? तर सुमारे ७७ अंकी एका संख्येइतक्या वेळा. ही संख्या आपल्यापाशी ठेवायची, ती आपली गुप्त किल्ली. शेवटी मिळालेला बिंदू खुशाल जगाला सांगायचा. त्या बिंदूवरून मूळ संख्या शोधून काढणं आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचं आहे. माझी मुलगी परगावी शिकते. रात्री तिला व्हॉट्सॲपवर "जेवलीस का?" असं मी विचारतो, तेव्हा तो प्रश्न वाटेत कुणाला वाचता येऊ नये याची व्यवस्था अशाच एका वक्राच्या आधारानं होते.

७७ अंकी वेळा बेरीज करत बसलो तर जन्म पुरणार नाहीत. म्हणून दुप्पट करत जायचं. एक, दोन, चार, आठ, सोळा... ती मोठी संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की २५६ जागा होतात. प्रत्येक जागेसाठी एकदा दुप्पट करायची, आणि त्या जागी १ असेल तर आणखी एक बेरीज. साधारण २५५ दुपटी आणि निम्म्या जागी १ येतो असं धरलं तर १२८ बेरजा. म्हणजे ३८३ कामं. एवढंच? हो, एवढंच. पण रेघ ओढायची म्हणजे तिचा चढ हवा, आणि चढ म्हणजे 'य' मधला फरक भागिले 'क्ष' मधला फरक.

आला की नाही भागाकार!

त्यात ही गणितं साध्या संख्यांवर होत नाहीत. एक अवाढव्य मूळ संख्या घेऊन प्रत्येक उत्तराला तिनं भागून उरलेली बाकी तेवढी ठेवायची असते. त्या जगात भागाकाराचा एक नेहमीचा मार्ग म्हणजे तीच संख्या स्वतःशी पुन्हा पुन्हा गुणत राहणं. एका भागाकारापायी अडीचशेच्या वर गुणाकार पडतात. ३८३ भागाकारांचे झाले एक लाखाच्या आसपास. आणि सरांचं ऐकलं तर? 'क्ष' आणि 'य' बरोबर छेदासाठी तिसरी एक संख्या वेगळी सांभाळायची आणि शेवटी एकदाच भागायचं. मग एका दुपटीला आठ आणि एका बेरजेला अकरा असे धरून, तो शेवटचा भागाकार सोडला तर, साडेतीन हजारांच्या आत गुणाकार पुरतात. एक लाख कुठे आणि साडेतीन हजार कुठे! ही युक्ती नवी नाही. छेद वेगळा ठेवून बिंदू लिहिण्याची पद्धत भूमितीवाल्यांनी एकोणिसाव्या शतकातच रूढ केली होती. आम्ही ती फक्त सिलिकॉनवर आणली.

आता इतिहासाकडे येतो. या गोष्टीतलं मोठं साल १९८५.

त्याआधी १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली होती आणि १९७७ मध्ये आरएसए आली होती. आरएसएचा भरवसा मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या अवघडपणावर. याच सुमारास हेंड्रिक लेन्स्ट्रा या डच गणितज्ञानं इलिप्टिक कर्व्ह वापरून अवयव पाडण्याची एक नवी रीत शोधली. म्हणजे बघा, हे वक्र कूटशास्त्राच्या दारात आले ते चोराच्या बाजूनं! नील कोब्लिट्झ हा अमेरिकन गणितज्ञ १९८५ मध्ये काही महिने मॉस्कोत होता. तिथे त्याला सुचलं की ज्या वक्रांनी कुलूप फोडता येतं त्यांचंच कुलूप का करू नये? त्यानं आपल्या अँड्र्यू ओडलिझ्को या परिचिताला अमेरिकेत पत्र टाकलं. उत्तर आलं की आयबीएममधल्या व्हिक्टर मिलरलाही हेच सुचलं आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मिलरनं आपला निबंध त्याच वर्षी क्रिप्टो परिषदेत मांडला, कोब्लिट्झचा १९८७ मध्ये छापून आला.

त्याच १९८५ मध्ये पीटर माँटगोमेरी नावाच्या गणितज्ञाचा एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला. त्याचा या वक्रांशी काहीएक संबंध नव्हता. विषय एवढाच की भागाकार न करता बाकी कशी काढावी. आमच्या धंद्यातल्या माणसाला या लेखाच्या पाया पडावंसं वाटतं. त्यातली युक्ती आपल्या दशमान पद्धतीत सांगतो. समजा १२३४ ला ९७ नं भागून बाकीशी व्यवहार करायचा आहे. ९७ नं भागणं कटकटीचं, १०० नं भागणं सोपं, कारण शेवटची दोन शून्यं खोडली की झालं. मग १२३४ मध्ये ९७ ची अशी एक पट मिळवा की शेवटी दोन शून्यं येतील. ९७ ची ७८ पट म्हणजे ७५६६. बेरीज ८८००. शून्यं खोडा, उरले ८८. ९७ च्या पटी मिळवल्यानं बाकीला धक्का लागत नाही, फक्त उत्तर १०० नं भागलं गेलेलं असतं. सगळ्या संख्या आधीपासूनच त्या हिशेबानं वाढवून घेतल्या की तो फरकही शेवटी एकदाच मिटवता येतो. संगणकात १०० च्या जागी दोनाचा घात येतो, आणि हार्डवेअरमध्ये दोनाच्या घातानं भागणं म्हणजे काही तारा सोडून देणं. खर्च शून्य!

तिसरी गोष्टही १९८५ चीच. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या स्कॉट व्हॅनस्टोन, रॉन मलिन आणि गॉर्ड ॲग्न्यू या तिघांनी एक कंपनी काढली. पुढे तिचं नाव सर्टिकॉम झालं. या मंडळींनी वेगळाच रस्ता धरला. त्यांचं लक्ष हातच्यावर होतं. बेरजेत वेळ कशात जातो? हातचा पुढे पुढे नेण्यात. १५५ जागांची संख्या असेल तर पहिल्या जागेचा हातचा शेवटच्या जागेपर्यंत पोचेस्तोवर सर्किटला थांबावं लागतं. पण गणितात अशीही एक दुनिया आहे जिथे एक अधिक एक शून्य होतं आणि हातचा नसतोच. त्या दुनियेत संख्या विशिष्ट रीतीनं मांडल्या तर वर्ग करणं म्हणजे सगळे अंक एकेक घर सरकवणं, बस. त्यांनी १९९३ मध्ये १५५ जागांसाठी केलेल्या अशा चिपचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिच्यात जेमतेम दहा-बारा हजार गेट होती.

एवढी लहान चिप हवी होती कशाला? कारण आरएसएच्या किल्ल्या फुगत चालल्या होत्या. आरएसएला १०२४ बिट लागतात तिथे वक्रांना १६० पुरतात. आरएसएला ३०७२ लागतात तिथे २५६ पुरतात. खिशातल्या कार्डावर हा फरक जीवनमरणाचा. तरीही लोक साशंक होते, नव्या कुलपावर कोण भरवसा ठेवणार? म्हणून सर्टिकॉमनं १९९७ मध्ये जाहीर आव्हानं लावली, फोडून दाखवा आणि बक्षीस न्या. १०९ बिटांचं एक कुलूप २००२ मध्ये फुटलं. त्यासाठी सुमारे दहा हजार संगणक ५४९ दिवस राबले. आणि प्रत्यक्ष वापरातली कुलपं १६० बिटांच्या पुढची होती. लोकांचा विश्वास बसत गेला तो असा.

मी या क्षेत्रात आलो तेव्हा वारं पुन्हा मूळ संख्यांच्या बाजूनं फिरत होतं. साध्या संगणकात हातच्यासकट गुणाकार करणारी यंत्रणा आधीपासूनच असते, आणि बाजारात मिळणाऱ्या एफपीजीए चिपमध्येही तयार गुणक येऊ लागले होते. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनं २००० साली जे वक्र ठरवून दिले, त्यांतल्या मूळ संख्याही मुद्दाम अशा निवडलेल्या होत्या की बाकी काढायला नुसत्या बेरजा-वजाबाक्या पुरतात. पुन्हा तेच. भागाकार टाळा!

इथे माझी फजिती सुरू होते.

माझ्या आधी जो माणूस त्या जागेवर होता तो नोकरी सोडून गेला होता. त्याचं डिझाइन माझ्या हातात आलं. त्यात एक प्रकार बघून मी कपाळावर हात मारला. किल्लीत त्या जागी १ असो की ०, हा गृहस्थ प्रत्येक वेळी बेरीज करत होता, आणि ० असेल तर केलेली बेरीज फेकून देत होता. निम्म्या बेरजा वाया! कॉमेंट वगैरे काही लिहिलेली नाही. मी मोठ्या उत्साहानं तो भाग उडवला. ० असेल तर बेरीज करायचीच नाही. गणित जवळजवळ ३० टक्के वेगानं होऊ लागलं. मीटिंगमध्ये तक्ता दाखवला, शाबासकी मिळाली. आधीच्या माणसाबद्दल मी चारचौघांत दोन वाक्यंही बोललो, ती आज आठवली की लाज वाटते.

माल गिऱ्हाईकाला द्यायला दोन आठवडे राहिले असताना आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. "सर, जरा लॅबमध्ये येता का? एक दाखवायचंय." तिनं बोर्डाला वीज पुरवणाऱ्या वायरमध्ये एक छोटा रेझिस्टर बसवला होता आणि त्यावर ऑसिलोस्कोप लावला होता. पडद्यावर उंचवट्यांची रांग दिसत होती. काही आखूड, काही लांब. आखूड म्हणजे दुप्पट, लांब म्हणजे बेरीज. "आखूड, पुन्हा आखूड, म्हणजे इथे शून्य. आखूडनंतर लांब, म्हणजे एक," असं म्हणत तिनं कागदावर चाळीस-एक अंक लिहून काढले. मी किल्लीची फाईल उघडली. एकही अंक चुकला नव्हता.

जे कुलूप फोडायला दहा हजार संगणकांनाही जन्म पुरले नसते, ते त्या मुलीनं एका दुपारी नुसतं वाचून काढलं. आणि ते तिला वाचायला दिलं होतं मी.

यात काही नवं नव्हतं, हे त्याहून वाईट. पॉल कोशरनं १९९६ मध्येच दाखवलं होतं की गणिताला लागणाऱ्या वेळावरून किल्लीचा माग काढता येतो. १९९९ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेच विजेच्या वापरावरून करून दाखवलं. त्याच वर्षी कोरॉन यानं या वक्रांसाठीचे उपाय लिहिले. त्यांतला सर्वांत साधा उपाय म्हणजे प्रत्येक वेळी बेरीज करा आणि नको असेल तेव्हा फेकून द्या. म्हणजे जो वेडेपणा म्हणून मी उडवला तोच!

खरं सांगतो, पहिले दोन दिवस मी सबबी शोधल्या. कोण येणार आहे ऑसिलोस्कोप घेऊन? पण आमची चिप कुणाच्या तिजोरीत बसणार नव्हती. ती लोकांच्या खिशात आणि भिंतीवर जाणार होती, आणि तिथे चोराला हवा तेवढा वेळ असतो. तिसऱ्या दिवशी मी मॅनेजरना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आधीचा माणूस ते का करत होता, हे तू त्याला एकदा विचारलं नाहीस?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. माल महिनाभर उशिरा गेला आणि वेग जवळजवळ पहिल्या जागेवर आला.

दुरुस्तीसाठी आम्ही जी पद्धत घेतली ती पुन्हा माँटगोमेरीचीच. १९८७ मध्ये त्यानं एक 'शिडी' मांडली होती. तिच्या प्रत्येक पायरीवर एक दुप्पट आणि एक बेरीज, दोन्ही होतात आणि दोन्ही उत्तरं कामाला येतात. काहीच फेकलं जात नाही आणि पडद्यावर सगळ्या पायऱ्या सारख्या दिसतात. गंमत म्हणजे त्यानं ही शिडी मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याचं काम जलद व्हावं म्हणून बांधली होती, पहाऱ्यासाठी नव्हे.

माझ्या जागी पूर्वी असलेल्या माणसाला मी नंतर फोन केला, माफी मागायला. तो मोठ्यानं हसला. म्हणाला, "चूक माझी पण आहे. एक ओळ कॉमेंट लिहायला हवी होती."

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. हातचा नसलेले ते देखणे वक्र निस्टनं २०२३ मध्ये वापरातून बाजूला सारायला सांगितले, कारण उद्योगांत त्यांचा वापरच फारसा उरला नव्हता. व्हॅनस्टोन २०१४ मध्ये गेले, माँटगोमेरी २०२० मध्ये. मोठा क्वांटम संगणक बनला तर हे सगळेच वक्र उघडे पडतील हे पीटर शोर यानं १९९४ मध्येच दाखवून ठेवलं आहे. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये निस्टनं वेगळ्याच गणितावर उभी असलेली नवी मानकं जाहीर केली. सध्या पुष्कळ ठिकाणी जुनं आणि नवं अशी दोन्ही कुलपं जोडीनं लावतात. मी घालवलेल्या वर्षांतलं बरंच काही यथावकाश संग्रहालयात जाईल. जाऊ दे.

मध्यंतरी त्या नव्या मानकांपैकी एकाचा प्रोग्राम सहज उघडून वाचत बसलो होतो. त्यात वक्र नाहीत, बिंदू नाहीत, मूळ संख्याही एवढीशी, ३३२९. पण गुणाकार झाल्यावर बाकी काढायची जागा आली आणि तिथे ओळखीचं नाव दिसलं. माँटगोमेरी! चाळीस वर्षांपूर्वीची तीच युक्ती, शेवटची शून्यं येतील अशी पट मिळवा आणि खोडून टाका. जुना शेजारी भेटावा तसं वाटलं.

वाचायचं सोडून मी मग एक गोष्ट तपासली. किल्लीत ० असताना आणि १ असताना ते गणित सारख्याच पायऱ्यांनी जातं का? जात होतं. आता कुठल्याही डिझाइनमध्ये मी आधी तेच बघतो. कुठे काही उगाच दोनदा केलेलं दिसलं तर खोडण्याआधी लिहिणाऱ्याला फोन करतो. आणि माझ्या फायलींमध्ये कॉमेंट जरा जास्तच लांब असतात, त्यावरून नवी मुलं हसतात.

हसू देत.